शनिवारचं संत्रं

बाबा, आज शनिवार. शेजारचे लोक सकाळीच जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघाले आणि मी गुडघ्यांना तेल चोळत ओसरीवर बसले आहे. लोकांना वडील गेल्यावर त्यांचे गुण आठवतात. मला तुमचा एक शनिवार आठवतो, आणि इतकी वर्षं झाली तरी माझा राग तसूभर कमी होत नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या पुढची ती वर्षं. तुम्ही सौंसरला कापसातली सरकी काढायच्या जिनात वजनकाट्यावर कामाला होता. आठवडाभर घरात तुमचा आवाज यायचा तो 'वाढ' म्हणण्यापुरता. पण शनिवारी तुम्ही मला आणि भावाला घेऊन जामसांवलीला पायी निघायचात. संत्र्याचे बगीचे लागले की तुम्ही थांबता, बोट दाखवता, "त्या बाभळीपावतर. जो पयला येईन, संत्रं त्याचं." आम्ही चपला हातात घेऊन सुटतो आणि मागून तुम्हीही पायजमा खोचून धावता, मोठमोठ्यानं हसत. ते हसणं घरात कधीच ऐकू आलं नाही. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तरी बाभळीला हात आधी माझाच लागायचा. तुम्ही संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवायचात. मला वाटायचं, याच्यासाठीच आठवडा असतो.

मग एका शनिवारी तुमच्या जिनातले दिवाणजी सायकलवरून आले आणि पाय टेकवून हसले. "काहो, तुमची पोरगी तं पोराले मांगं टाकून राहिली!" तुम्हीही हसलात. संत्रं सोललंत. मी हात पुढे केलेला होता, आणि तुम्ही ते भावाच्या हातात दिलंत. पुढच्या शनिवारी मी वेणी घालून दारात उभी होते, तर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू घरी राय. मायले हातभार लाव. आता का लहान आहेस तू?" मी अकरा वर्षांची होते.

त्यानंतर दर शनिवारी मी आईजवळ बसून डाळ निवडली. आई बिचारी काय करणार, तिलाही कधीतरी कोणी असंच बसवलेलं होतं. तुमच्याबरोबर चालून चालून भावाच्या पोटऱ्या घट्ट झाल्या आणि मी बसून बसून जड झाले. दोनेक वर्षांनी शाळेतल्या खेळाच्या बाई घरी आल्या. मला छिंदवाड्याला धावायला न्यायचं होतं त्यांना. तुम्ही म्हणालात, "हिले कुठी धावता येते, बाई? दोन पावलात दमते." तुम्ही खोटं बोलला असतात तर मी भांडले असते. पण तोवर ते खरं झालं होतं, आणि ते खरं तुम्हीच केलं होतं. याची माफी नाही, बाबा.

पुढे तुम्हाला लकवा झाला आणि भावाची बदली लांब, म्हणून तुम्ही पांढुर्ण्याला माझ्याकडे आलात. डॉक्टर म्हणाले, रोज संध्याकाळी थोडं चालवा. एरवी माझा नवरा तुम्हाला गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचा. शनिवारी तो गावाला जायचा, आणि मी माझ्या पोरीला मैदानावर न्यायचे. ती पुढे, मी धापा टाकत मागे. "मी बी येऊ का?" तुम्ही पहिल्याच शनिवारी विचारलंत. मी म्हणाले, "तुमी घरी राहा." दोन वर्षं दर शनिवारी तेच. परत आल्यावर तुमच्यासमोर संत्रं सोलून पोरीच्या हातावर ठेवायचे. आज ती शाळेत खेळ शिकवते, तुमच्या नाकावर टिच्चून. तुम्हाला तुमचं ते 'तू घरी राय' आठवलं होतं का, ते मला कळलं नाही. आठवलं असावं आणि झोंबलं असावं, असं मला अजूनही वाटतं.

हे पत्र जाणार कुठे? पेटीत राहील. नाहीतर पुढचं लिहिण्याची माझी हिंमत झाली नसती. दर शनिवारी, तुम्ही घरी राहा असं म्हणण्याआधी, नेणारच असल्यासारखं खाली बसून तुमच्या पायात चपला मीच घालून द्यायचे.