पास्तोहून गेलेली तार

पास्तो,
४ ऑक्टोबर १९९८

ती. आईस,
विल्मारचा शि. सा. न. वि. वि.

रजा मिळाली आणि काल दुपारी एल्विरामावशीकडे येऊन पडलो. पण रजा मिळाली म्हणजे घरी येतोय, असं समजू नकोस. डोंगराकडच्या मुलांनी गावी पाऊल टाकायचं नाही, असं साहेबांनी सगळ्यांदेखत बजावलंय. मागे एक जण गेला होता. तो परतला नाही आणि त्याच्या घरातली माणसंही कुठे गेली कळलं नाही.

मावशी म्हणते, लष्करानं माझं वजन वाढवलं, अक्कल मात्र होती तेवढीच ठेवली. माझ्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवते आणि हसत सुटते. गावात तू सांगत राहा, की मी काली शहरात एका बेकरीत पाव भाजतो. लीडाला म्हणावं, दादानं तुला बूट घेतलेत. पुढल्या आठवड्यात गुरुवारी सेगुंदोकाकांच्या बसबरोबर पाठवीन.

तुझा हात डोक्यावर आहे असं मानून झोपतो.
तुझा,
विल्मार


लास काब्रास,
९ ऑक्टोबर

चि. विल्मार यास,
अनेक आशीर्वाद.

सेगुंदोंनी तुझं पत्र बटाट्याच्या पोत्यात लपवून आणलं. तुझ्यासाठी चुलीमागे वाढवलेला गिनीपिग इतका माजलाय, की लीडा त्याला महापौर म्हणते. कापावा, तर वास शेजारी जाईल आणि कोण आलंय म्हणून विचारतील. त्यामुळे महापौरांचं राज्य चालू आहे.

लीडा चौदाची झाली. उलट उत्तरं देण्यात अगदी तुझी बहीण शोभते. तुम्हा शिपायांच्या जिवावर उठलेले डोंगरावरचे बंदूकवाले या महिन्यात दोनदा खाली उतरले आणि शाळेतल्या मुलामुलींची नावं विचारून गेले. म्हणून बजावते, बसच्या अड्ड्यावर तू फिरकू नकोस. बूट एल्विराताई आणून देईल. गुरुवारी आपलं निम्मं गाव बाजाराला येतं, आणि आपल्या गावच्या जिभांना दारं नाहीत.

पोटभर जेव. मावशीला त्रास देऊ नकोस.
आशीर्वाद आहेतच.
आई


पास्तो,
१६ ऑक्टोबर

प्रिय नुबिया,
सप्रेम आशीर्वाद.

तू रागावशील, पण लपवून कसं ठेवू? काल माझे गुडघे सुजले होते, म्हणून बूट घेऊन विल्मारच गेला. लोकरी टोपी घालून रस्त्यापलीकडे उभा राहीन, काका एकटे दिसले की पुढे होईन, असं कबूल करून गेला होता. पण तुमच्या शेजारच्या क्लेमेंसियाबाई कांद्याच्या ओझ्यासकट पायरीवरून घसरल्या. मग काय, हा धावला. ओझं खांद्यावर घेऊन बाजारापर्यंत पोचवलं, आणि घामाघूम होऊन टोपी काढली. बाईंनी त्याचे मुके घेतले आणि विचारलं, की मेल्या, कोणत्या बेकरीत भट्टीआधी भटाऱ्याचंच डोकं तासतात? कुणाला सांगणार नाही म्हणून त्यांनी मदर मेरीची शपथ घेतली आहे. आपल्या शाळेतल्या थोरल्या सिस्टर म्हणायच्या ना, की शपथ घेणारी बाई मनात निम्मं सांगून मोकळी झालेली असते?

पण नुबिया, घरी आला तेव्हा त्याचा चेहरा तू पाहायला हवा होतास. बसमधून कोण उतरलं, कोण म्हातारं झालं, कुणाला दिवस गेलेत, सगळं एकेक करून सांगत होता. इथे आल्यापासून तो पहिल्यांदाच असा हसला. मला रागावताच आलं नाही.

तुझी,
एल्विराताई


लास काब्रास,
२० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

क्लेमेंसियाच्या मनात वाईट नव्हतं. देवळाच्या अंगणात ती कौतुकानं सांगत सुटली, की नुबियाचा मुलगा शिपाई झाला तरी म्हातारीचं ओझं उचलतो. परवा डोंगरावरचे दोघे घरी आले. टोप्या गुडघ्यांवर ठेवून बसले, मी दिलेलं गुळाचं पाणी प्यायले, छान झालंय म्हणाले. मग थोरल्यानं शांतपणे सांगितलं, की शिपायाच्या आईला या गावात राहायचं असेल, तर तिनं मुलगा आणून द्यावा, नाहीतर लीडाला ते घेऊन जातील. सर्व संतांच्या सणापर्यंत, म्हणजे एक नोव्हेंबरपर्यंत, मुदत दिली आहे.

पोरीला घेऊन पळता येत नाही. खालच्या वळणावर तेच बस अडवतात आणि मुलींना उतरवून घेतात. मी खूप विचार केला. ताई, विल्मार लढाईत गेला, तिकडेच पुरला, अशी तार पाठव. मुलगाच उरला नाही, तर मी शिपायाची आई कसली?

पुन्हा विचार कर असं मला लिहू नकोस. तो ऐकणार नाही, स्वतः यायला निघेल. त्याला दाराबाहेर सोडू नकोस.

तुझी,
नुबिया


पास्तो,
२४ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न.

तार गेली. मी स्वतःच त्यांच्या स्वाधीन होतो म्हणालो, तर मावशी दाराला पाठ लावून खुर्ची टाकून बसली. म्हणाली, तुला ठेवून घेतील आणि लीडालाही नेतील.

मजकूर वाचून तार ऑफिसातल्या बाईंनी मावशीचा हात धरला. मावशी खरोखरच रडली. घरी परतली, तेव्हा मी सूप गरम करत होतो. माझ्याकडे पाहून तिनं छातीवर क्रूस काढला.

सोमवारी रजा संपते. आम्हाला खाली नदीकडे, पुतुमायोत नेणार आहेत. एकदा आशीर्वाद पाठव.

तुझा,
विल्मार


लास काब्रास,
४ नोव्हेंबर

चि. विल्मार यास,
अनेक आशीर्वाद.

ताई हे पत्र तुझ्यापर्यंत पोचवील. नऊ रात्रींच्या प्रार्थना पार पडल्या. सगळं गाव येत होतं. क्लेमेंसिया रोज कॉफी करून आणायची आणि ऊर बडवून रडायची. वेदीवर तुझा निळा सदरा ठेवला होता. पहिल्या रात्री मला रडण्याचं सोंग आणावं लागलं. तिसऱ्या रात्रीनंतर लागलं नाही.

शेवटच्या रात्री एकेक मेणबत्ती विझवली, दार उघडलं आणि रीतीप्रमाणे जिवाला निरोप दिला, की बाळा, जा, या घराकडे वळून पाहू नकोस. हे आईनंच म्हणायचं असतं. मी मोठ्यानं म्हटलं. मागे ते दोघेही टोप्या काढून उभे होते. जाताना थोरल्यानं माझा हात हातात घेतला आणि या घराशी आता काही काम उरलं नाही म्हणाला. लीडा माझ्या कुशीत झोपते.

तुला इथे कधीच येता येणार नाही. लढाई मिटली तरी नाही, मी गेले तरी नाही. आणखी एक सांगते. उद्या तुला खरंच काही झालं, तर ताईनं मला कळवू नये. सगळं गाव एकदा तुझ्यासाठी रडून गेलं. दुसऱ्यांदा मी कुणाला बोलावू?

लोभ असू दे, पत्र मात्र नको.
तुझी,
आई