ओट्याखालची शहाळी

सोमवार, संध्याकाळ

ओट्याखाली अजून चार शहाळी आहेत. नजर सारखी तिकडेच जाते. यांच्या किडन्या थकल्या म्हणून महिनाभर रोज एक पाजलं. शहाळं थंड, लघवी साफ होते, असं आई म्हणायची. आज रिपोर्ट बघून डॉक्टर चमकले. "पोटॅशियम एवढं? काका, हृदय बंद पडेल! नारळपाणी घेता?" मी पिशवीचे बंद आवळू लागले. तेवढ्यात हेच पुढे होऊन म्हणाले, "पितो चोरून. हिला नाही माहीत." वर रिक्षात हसले, "तुझी बोलणी मी खाल्ली!"

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर छडी घेऊन उभ्या असायच्या, तरी चूक कबूल करायचे. मग आज का नाही? ती चार शहाळी शेजारी देते. आणि उद्या फोन करते. डॉक्टर, चोरून नव्हे. रोज मीच ग्लास भरून हातात द्यायचे.