माठाचा घाम

छत्रपती संभाजीनगर, १४ मे

चि. श्रीरंग व चि. सौ. प्रेरणा यांस,
व्यंकटकाकाचे पोटभर आशीर्वाद. बजाजनगरच्या नव्या बिऱ्हाडी दोघं खुशाल असालच. मी ठणठणीत. (फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस, म्हणून पत्र.)

महिन्यापूर्वी माझा फ्रिज तुम्हाला देताना मी म्हणालो होतो, की वीज नव्हती तेव्हाही आपले वाडवडील गारच पन्हं पीत होते; नव्या संसाराला फ्रिज हवा, जुन्याला माठ पुरे. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पाचोडच्या बाजारातून, गोजरबाई कुंभारणीकडून, वाजवून माठ आणला. (माठाची पारख रक्तात असावी लागते.) खाली वाळू, वर ओलं फडकं, सगळं यथासांग. दुसऱ्या दिवशी बघतो तर माठ बाहेरून ओलाचिंब, ओट्यावर पाणी! माल कच्चा निघाला म्हणून मी हातावर हात ठेवून बसणारा नव्हे. ऑइल पेंटचे दोन हात मारले, तांबडे, वर पांढरी नक्षी. मग थेंब म्हणून पाझरेना. त्याच उमेदीनं शेजारच्या आप्पासाहेबांना आणि काकासाहेबांना पन्ह्याला बोलावलं. बाहेर बेचाळीस डिग्री. आप्पासाहेबांनी पेला तोंडाला लावला, खाली ठेवला आणि मग ते फुंकर मारून प्यायले. काकासाहेबांनी विचारलं, काढ्यात आलं घातलंय का.

मी तडक पाचोड गाठलं, गोजरबाईला जाब विचारायला. ती म्हणाली, "अवं साहेब, माठाला घाम आला तरच पाणी गार व्हतं. तुम्ही त्याचा घामच बंद केला की! लई शिकलेले दिसता." सगळा बाजार हसला. मी शांतपणे दुसरा माठ घेतला. माझं तत्त्व बरोबरच होतं, रंग तेवढा जास्त झाला.

उन्हात हिंडू नका, ताक पीत जा.
तुमचा,
व्यंकटकाका

ता.क. वर 'माझा फ्रिज' लिहिलंय ते मनावर घेऊ नकोस. तो मीनाक्षीकाकूनं शाळेतल्या स्वतःच्या पगारातून घेतलेला. ती आमच्या सईच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली, तिला विचारायचं राहूनच गेलं. उद्या ती परत येतेय. श्रीरंग, मला भीती वाटते रे. हे पत्र आणणारा गृहस्थ टेम्पोवाला आहे. फ्रिज रिकामा करून त्याच्याबरोबर दे.

ता.क. दुसरा. आत्ताच काकूचा फोन आला. ती आजच निघालीय, आणि पुण्याची बस तुमच्याच नाक्यावरून येते म्हणून आधी तुमचं बिऱ्हाड बघायला उतरणार आहे. पत्र पोचेल तेव्हा ती बहुधा फ्रिजसमोरच उभी असेल. तेव्हा टेम्पो परत पाठव आणि पत्र तिच्याच हातात दे. मला तोंडानं सांगवणार नाही.