फ्रिजवरची चार पानं

सोमवार, ९ एप्रिल

पहाटे पाचला दार वाजलं. कोरबिनियन, इथला स्नानगृहाचा माणूस! वाफाळत्या गवताचं पोतं पाठीखाली सारलं, मला पांघरुणात करकचून गुंडाळलं आणि म्हणाला, “आता विचार करायचा नाही, केलरबाई.” पाऊण तास तशीच पडून. विचार कसा नाही करायचा? आईच्या सकाळच्या गोळ्या माझ्या बहिणीने, गुड्रुनने दिल्या असतील का?

रक्तदाब १७५, झोपेचं खोबरं, म्हणून डॉक्टरांनी इथे, या जलोपचार केंद्रात धाडलं. तीन आठवडे! शरीर आणि मन एकदमच दुरुस्त करायचं म्हणे. मी काय मोटार आहे?

मंगळवार, १०

निघताना फ्रिजवर चार पानं चिकटवून आलेय. गोळ्या, सूप, मीठ किती, आईला किती वाजता चालवायचं - सगळं. धाकटी बहीण नऊ वर्षांत पहिल्यांदाच आईला सांभाळतेय, तिला काय ठाऊक! आज तीनदा फोन केला. “हो गं बाई, सगळं दिलं!” मागे आई हसत होती. कशाला हसत होती?

गुरुवार, १२

थंड पाण्याच्या हौदात करकोच्यासारखे पाय उचलत चालायचं. उतरण्याआधी पाय गरम हवेत, हा इथला पहिला नियम. मी फोनच्या नादात अर्धा तास बाकावर बसले आणि गारठलेल्या पायांनीच उतरले. पोटऱ्या अशा वळल्या की किंचाळले! कोरबिनियनने ओढून बाहेर काढलं. “गार पायांनी गार पाण्यात? अहो, पोरासोरांना कळतं हे! तो फोन द्या बघू माझ्याकडे.” मुळीच दिला नाही. सगळा हौद बघत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवार, १५

आईने मलईचा केक खाल्ला. मलईचा! दोन तुकडे! गुड्रुनला फैलावर घेतलं. “आणि माझी पानं?”

“ती होय... मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही पत्त्यांचे गुण लिहितो. आई जिंकतेय.”

नऊ वर्षं मी सुट्टी घेतली नाही. नऊ वर्षं! आता मीही फोन करणार नाही. बसा खेळत.

गुरुवार, १९

चार दिवस फोन नाही. त्यांचाही नाही! कुणाला पडलीय माझी? काल सलग सात तास झोपले. रक्तदाब १४८. पाण्याने असेल. त्या बेचव जवसाच्या लापशीने तर नक्कीच नाही.

मंगळवार, २४

इथले डॉ. हुबमान म्हणाले, “आणखी एक आठवडा मिळू शकतो. लोक यासाठी माझ्या मागे लागतात.”

“मला नको. माझ्याशिवाय आईचं कसं होणार?”

“विचारलंत का त्यांना?”

काय विचारायचं? ऐंशी उलटलेल्या बाईला? अर्ज मात्र टेबलावर ठेवून गेले. उद्या संध्याकाळपर्यंत सही हवी. नाहीतर शनिवारी घरी.

बुधवार, २५

शेवटी फोन केला. आईनेच उचलला. म्हटलं, शनिवारी येतेय.  ती अगदी हळू म्हणाली, “रोसी, माझाही रक्तदाब उतरलाय गं. आणखी आठवडाभर राहशील?”

सही केली. फोन कोरबिनियनकडे देऊन टाकला.