कडुनिंबाला टांगलेला शब्द

नागपूर, २८ मे १९७४

चि. श्रावण यास प्रेमिला मावशीचे अनेक आशीर्वाद.

गुरुवार, दि. ९ मे, दुपारी सव्वादोन वाजता, मी खसच्या ताटीमागे जरा डोळा लावून पडले असताना तू माझ्या अंगणातल्या कडुनिंबाला बोकडाचे अख्खे कातडे टांगून पसार झालास. पिशवीसारखे शिवलेले, बाभळीच्या सालीच्या पाण्याने फुगलेले, उघडी मान वर, खाली शेपटीकडून थेंब थेंब घमेल्यात गळणारे. सोबत चिठ्ठी: 'चार दिवसांत नेतो.' तुझी प्रकृती उत्तम असेलच. माझी विचारू नकोस.

कारागिरांच्या शब्दांचा तुझा कोश छपाईला निघाला आहे, मान्य. भिवापूरच्या म्हाताऱ्या कारागिराकडून ऐकलेला 'उलटभरण' हा कातडे कमावण्यातला शब्द आता कोणी वापरत नाही, हेही मान्य. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अर्थ छापायचा नाही, हा तुझा बाणा तर फारच मान्य. (आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर शब्द कोशात बघायला लावत, झाडावर नाही.) पण तुझ्या बायकोने जे दारात उभे केले नाही, ते माझ्या अंगणात का?

पहिल्याच दिवशी शेजारच्या गोदूबाईंनी जाहीर केले की या घरी आता पाण्याचा थेंब घेणार नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचे यजमान महादेवराव उन्हातून आले, सावलीत ओले कातडे गळताना पाहून त्यांना ती पाण्याची पखाल वाटली, आणि मी ओरडेपर्यंत लोटाभर पिऊन मोकळे झाले. "अवं बाई, पानी हाय का काय हाय? जीभ गोळा झाली ना!" मी खरे ते सांगितले आणि डॉक्टरला बोलवावे का, या विचारात रात्र काढली. सकाळी गृहस्थ लोटा घेऊन हजर. "ताई, हिरड्या ठणकून राहिल्या होत्या, थांबल्या. आनखी द्या." म्हटले, महादेवराव, ते कातड्याचे आहे. "मी कातडं मागून राहिलो का? पानी मागून राहिलो."

दुसऱ्या दिवशी गोदूबाई स्वतः. "यायले दिलं, मले काहून नाही वं?" आता रोज सहाला फाटकाशी लोटे वाजतात. मी त्यांना नुसती कोरडी साल देऊन पाहिली. तिच्यात म्हणे 'तो गुण' नाही. माझ्या मैत्रिणी वासाने यायच्या थांबल्या, नको ती माणसे वासावर यायला लागली. स्टुलावर चढून कमी झालेले पाणी भरते तीही मीच, या वयात, या गुडघ्यांनी. मी थकले आहे, बाबा. ये आणि तुझे कातडे उतरव.

तुझी,
प्रेमिला मावशी

ता. क. येताना बाभळीच्या सालीचे एक पोते आण. शेपटीकडची बाजू अजून कच्ची आहे, आत्ता कातडे उतरवता येणार नाही.

पुन्हा ता. क. तुझ्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिले आहे, 'उलटभरण: कातडे उलटे टांगणे.' साफ चूक. उलटे कोणीही टांगेल. मान शिवायची, कातडे उलटे करून वर आलेली शेपटीकडची शिवण उसवायची, आणि खाली गळलेलेच पाणी वरून परत भरायचे, ते उलटभरण. मी रविवारी केले. आधी सालीचे ताजे कडक पाणी घालून पाहिले, तर कातडे तळहाताएवढ्या जागी सुरकुतले. जुने घातले तेव्हा मऊ पडले. म्हणून फाटकाशी लोटे वाजले की घमेल्यावर आता पाटा ठेवते, महादेवरावांच्या हिरड्या गेल्या खड्ड्यात. अर्थ माझा छाप, आणि खाली वापर असा दे: 'भाचा कातडे टांगून गेला, उलटभरण मावशीने केले.' छापणार की नाही, ते रविवार, ९ जून, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळव. तोंडी उत्तर चालणार नाही.