एकदाच ओढायचं

ता. ४, सोमवार

आले बाई एकदाची! खोली झकास आहे. पलंग, टेबल, एक खिडकी, नळाला पाणी आणि दाराला आतून कडी. ती कडी मी उगाचच चार वेळा लावली आणि काढली. दादाच्या घरी मला कडी नव्हती, पडदा होता, आणि वहिनी काही पडद्याला विचारून आत येत नसे. नवरा गेल्यापासून मी तिथेच. मूलबाळ नाही, म्हणजे हिला कसला व्याप, म्हणून घरातलं सगळं आपसूक माझ्या गळ्यात. आता घासा म्हणावं भांडी तुमची तुम्ही.

लिहायची मला सवय नाही. शाळा चौथीत सुटली. पण तिथे निदान वहिनीशी भांडायची सोय होती. इथे जिभेला गंज चढेल, म्हणून हे लिहिणं.

नोकरी विमानाच्या वायरींची. अर्धं आयुष्य पंख्याच्या मोटारींना तार गुंडाळण्यात गेलं, हात थरथरत नाही, म्हणून घेतलं. दादा म्हणाला पंखा वेगळा आणि विमान वेगळं, तोंडावर आपटशील आणि महिन्याभरात परत येशील. मी म्हटलं, पंखा गोल फिरतो, विमान सरळ जातं, फरक तेवढाच. पण साहेबांनी स्वच्छ सांगितलंय की वायरींचा पहिला जुडगा पास झाला तर कायम, नाही तर रामराम. मी काही परत त्या पडद्यामागे जायची नाही. मेले तरी.

ता. ५, मंगळवार

कामाची जागा लांबलचक, उजेड इतका की सुईसुद्धा लपणार नाही. प्रत्येकीसमोर एक मोठी फळी. फळीवर नकाशा चिकटवलेला आणि खिळे ठोकलेले. खिळ्यांमधून वायरी ओढत न्यायच्या, मेणदोऱ्याने बांधायच्या, टोकांना कनेक्टर बसवायचे. पुरा झाला की खिळ्यांवरून उचलायचा. तो जुडगा जसाच्या तसा विमानाच्या पोटात जाऊन बसतो.

इथे वायरींना कथलाचा डाग देत नाहीत. मला वाटलं होतं डाग दिलेलं पक्कं. साहेब म्हणाले विमान सारखं थरथरतं, डाग दिलेली तार कडक होते आणि मुळाशी तुटते. म्हणून वायर सोलायची, एकही केस तुटू न देता, पिनेच्या नळीत घालायची आणि क्रिंपर नावाच्या पकडीने दाबायची. क्रिंपर हट्टी आहे, पुरता दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. मला आवडला. अर्धवट काम करणारी माणसं मलाही सहन होत नाहीत.

शेजारच्या फळीवर जी आहे तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती बंद होत नाही. सासूचं, जावेचं, जावेच्या बहिणीचं. मी मोजत होते, म्हणून म्हटलं, बाई, जरा बटण बंद कर. ती झाली बंद. पण तोंड असं केलं की जणू मी थोबाडीत मारली.

ता. ७, गुरुवार

दाबलेल्या पिनेच्या अंगावर एक बारीक भोक असतं. त्यातून तांबं दिसलं की वायर पोटापर्यंत गेली, नाही तर फेकून द्यायची. मग ती पिन प्लास्टिकच्या सळीने कनेक्टरच्या मागच्या रबरातून आत ढकलायची. आत टक् वाजतं. तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. वायर बोटांत धरून हलकेच मागे ओढायची. आली नाही तर पिन अडकली. साहेबांनी तीनतीनदा बजावलं, एकदाच ओढायचं, हलकं. परत परत ओढलं की आतली पकड सैल होते.

दुपारी सगळ्या बाहेर शेडखाली डबे उघडून बसतात. मला कुणी ये म्हणालं नाही. मीही गेले नाही. फळीपाशीच खाल्लं. अडलंय माझं खेटर.

ता. ११, सोमवार

हात दाखवून अवलक्षण.

मोठ्या गोल कनेक्टरमध्ये भोकं चकलीसारखी बाहेरून आत जातात. अगदी मधलं भोक रिकामं ठेवायचं, त्याला बूच लावायचं, असं नकाशात आहे. माझी पिन त्याच भोकात गेली. टक् वाजल्यावर चूक कळली, तोवर हात सवयीने ओढूनही मोकळा झाला होता.

आणि वायर आतून ओढली गेली. तेवढीच. हलकी.

वाटलं, ताण सुटला असेल. पुन्हा ओढली, ओढायची नाही हे माहीत असून, दोनदा. आतूनही दोनदा. वायरीचं दुसरं टोक फळीवर मोकळं लोंबत होतं, त्याला कुणी हात लावलेला नव्हता. रेडिओ पाठमोरी बसून कुणाच्या तरी डोहाळ्यांचं सांगत होती.

सळीच्या दुसऱ्या टोकाने पिन काढता येते. नाही निघाली. सगळ्या करामती करून पाहिल्या. साहेबांना सांगावं तर पहिल्याच कनेक्टरची वाट लावली म्हणून उद्याच बिऱ्हाड उचलावं लागेल. नाही सांगितलं. योग्य भोकात दुसरी नवी वायर घातली आणि ही फाजील वायर जुडग्यात आत बांधून टाकली. दिसत नाही.

ता. १३, बुधवार

दुपारी सगळ्या बाहेर गेल्यावर कनेक्टर पुढून बघितला. प्रत्येक भोकात पिनेचं टोक चमकतंय. मधल्यात नाही. मागून वायर आत गेलीय आणि पुढे ती कुठेच नाही.

मी एकदा ओढली. आतून एकदा. तीनदा ओढली. तीनदा.

घाबरायला पाहिजे होतं. पण खरं सांगू, लहान मूल बोट धरून चल ना चल ना करतं ना, तसं वाटलं. माझं बोट कुणी असं धरलेलं नाही. भाचरं होती, पण वहिनी त्यांना लगेच हाक मारून न्यायची.

ता. १५, शुक्रवार

फाजील वायरीचं टोक मी मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, वीतभर बाहेर सोडलं होतं. आज चार बोटं राहिलंय.

दुपारी बराच वेळ खेळलो. डबा खायचा राहिला.

ता. १८, सोमवार

दोन दिवस खोलीत होते. खिडकीतून समोरची भिंत दिसते. घरमालकिणीला चहाला बोलावलं, तर म्हणाली घाईत आहे. सुट्टी कधी संपते असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

आज टोक गायब. नुसतं गायब नाही, ती वायर इतरांबरोबर मेणदोऱ्याने बांधलेली आहे, त्यामुळे सगळा जुडगाच कनेक्टरकडे खेचला गेलाय. एक खिळा वाकलाय. साहेब आले, पट्टी लावली, म्हणाले वायरी आखूड कापल्यात का, वळणापाशी ढील दिसत नाही. मी म्हटलं नीट करते. ते म्हणाले शुक्रवारी तपासणी आहे, तोवर कराच.

बांधलेलं सोडलं. त्या वायरीला नवा तुकडा जोडला, हातभर लांब. म्हटलं घे, पण बाकीच्यांना ओढू नकोस. शहाण्यासारखं थांबलं.

ता. २०, बुधवार

रोज हातभर देते. रोज संपते.

रेडिओने सगळ्यांसमोर विचारलं, बाई, त्या कनेक्टरशी काय गुलुगुलु चाललंय, लग्नबिग्न ठरलं की काय. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, ठरलं तर तुला बोलावणार नाही, जेवण गार होईपर्यंत बोलत बसशील. आणखी हसल्या. तिला हसू नाही आलं. मला ते बोलायला नको होतं. हसत होत्या तेवढ्यात चार शब्द बरे बोलले असते तर डबा घेऊन बाहेर जाता आलं असतं.

ता. २१, गुरुवार

आता मी ओढायची वाट बघत नाही. आधीच ओढतं. सकाळी हात नुसता जवळ नेला तर वायर ताठ झाली.

दुपारी इतक्या जोरात ओढली की माझ्या बोटावरून घासत गेली आणि कातडं कापलं. हातभर वायर डोळ्यांदेखत आत गेली, साप बिळात जातो तशी, आणि पुढून काही बाहेर नाही. जुडगा खेचला, कनेक्टर फळीवर फरफटला. उद्या तपासणी.

जेवणानंतर हत्यारांचं कपाट उघडल्याबरोबर कटर घेतला आणि रबराच्या तोंडाशी वायर कापली. वर बूच ठोकलं. बाकीचा तुकडा जुडग्यातून ओढून काढला आणि कचऱ्यात टाकला.

हात अजून कापतोय. माझा हात.

ता. २२, शुक्रवार

पास. तपासणीचा बझर प्रत्येक वायरीला वाजला, ढील बरोबर, बूच जागेवर. साहेब म्हणाले पहिल्या जुडग्याला इतकं साफ काम क्वचित दिसतं. कायम झाले.

दादाला फोन केला. म्हणाला छान छान. मग म्हणाला, बरं झालं तू सांगितलंस, वहिनीने तुझ्या कोपऱ्यात शिवणयंत्र ठेवलंय, पडदा काढून टाकलाय. परत जायचंच नव्हतं मला. तरी फोन ठेवल्यावर बराच वेळ उभीच राहिले.

पेढे वाटतात तसं काही करावं असं वाटलं, पण वाटायचे कुणाला.

ता. २५, सोमवार

नवीन फळी, नवीन जुडगा. पिन बसवते, टक् वाजतं, एकदा ओढते. काही नाही. पुढची. एकदा ओढते. काही नाही. दिवसभर.

ह्याच कामाला मी शुक्रवारपर्यंत घाबरत होते.

माझा जुडगा भिंतीपाशी टांगलाय. परवा सकाळी गाडी येणार, मग तो विमानात. मग वर. तिथे पत्र्यांच्या आत, अंधारात, त्याला एकदा ओढायलाही कुणी नसणार. आणि आत ते कापलेलं टोक तसंच असेल. मीच कापलं.

विमानात माणसं बसणार हेही आठवलं. साहेबांना सांगावं. काय सांगू, भोकातलं कुणी माझ्याशी खेळत होतं? वेड लागलं म्हणतील आणि हे एवढंसं कायम झालंय तेही जाईल.

ता. २६, मंगळवार

दुपार. सगळ्या बाहेर.

बूच काढलं. मी कापलेलं टोक आत नाही. भोक स्वच्छ.

पिन सकाळीच दाबून ठेवली होती, लांब वायरीला. ह्या वेळी सगळी गिळू द्यायची नाही. दुसरं टोक डाव्या मनगटाला मेणदोऱ्याने बांधलंय. उजव्या हाताने लिहितेय.

सळीशिवाय, बोटानेच ढकलून बसवली. टक्. एकदा ओढली.

काही नाही.

परत नाही ओढणार. राग असेल तर असू दे. मलाही –

आलं. एकदा. हळू.

रडले. कशाला खोटं लिहू.

ओढतंय. जोरात नाही, पण थांबत नाही – म्हटलं पुरे – ऐकत नाही – वायरीचं वेटोळं संपत आलं

कटर नाही. विमानाच्या कामात जेवायच्या सुट्टीआधी सगळी हत्यारं मोजून कपाटात, वर कुलूप – दातांनी तुटत नाही – गाठ मीच मारलेली, ओढली की घट्ट होते –

मनगट कनेक्टरला टेकलं. भोक काडीएवढं. हात कसा जाईल. नाही जाणार. जाऊच शकत –

करंगळी दिसत नाही.

दुखत नाही. गार आहे. आतून बोट धरलंय. एक. मग दुसरं –

सगळी –

दारातून रेडिओ हाक मारतेय. मला. म्हणते, अगं बाई, एकटी काय बसतेस रोज, ये की आमच्यात, जागा ठेवलीय –

इतक्या दिवसांत पहिल्यांदा

ओ देते. आले म्हणावं, आलेच, एवढा हात सुटला की –