उतरली का रेघ?

४ जानेवारी
पुन्हा आडवी रेघ! सकाळी ताजं द्रावण केलं, कुपी यंत्रात ठेवली, पंधरा मिनिटं पडद्याकडे डोळे लावून बसले. एन्झाइमने मदतनीस रेणू वापरला की रेघ खाली उतरते. आमची जागची हलेना.
घरात पाऊल टाकते तोच आई — "उतरली का गं रेघ?" सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नाही. हे बरं आठवतं!

९ जानेवारी
आईला सगळं परत समजावलं. एन्झाइमला मदतनीस म्हणून एनएडीपीएचच लागतो, हट्टी आहे. आम्हाला त्याला एनएडीएचची सवय लावायचीय, तो जास्त टिकतो. दोघे जवळजवळ सारखेच, पहिल्यावर एक फॉस्फेट जास्त.
"म्हणजे थोरली आणि धाकटी. थोरलीच्या अंगावर एक दागिना जास्त." चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले तिने!
मदतनीस बसतो त्या एन्झाइमच्या खिशातून, तो दागिना धरून ठेवणारं आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल आम्ही काढून टाकलं. थोरली गेली. धाकटी काही येईना.

१० जानेवारी
आज मला दोनदा मावशी समजली. डॉक्टर म्हणालेच होते, हे वाढत जाणार.
ती विचारतेय तोवर रेघ उतरू दे. पेपर, बढती गेली खड्ड्यात.

१७ जानेवारी
खिशाचं चित्र दाखवलं. चष्मा पुसून बराच वेळ बघत होती. मग — "अगं, नुसतं उसवून ठेवलंयस! थोरलीच्या मापाचं धाकटीला द्यायचं तर बाजू आत घ्यायला नको? ढगळ होणारच."
मी हसले. मग हसू थांबलं. आर्जिनिनच्या जागी पोकळी राहिलीय आणि शेजारी आम्ही हातच लावलेला नाही! तडक सरांना फोन.
"कल्पना कुणाची?"
"आमच्या टेलरची."

२ फेब्रुवारी
शेजारचं चिमुकलं अमिनो आम्ल काढून तिथे भरदार बसवलं. हे नवं एन्झाइम बनवणारे जिवाणू वाढताहेत. आता वाट बघणं.

११ फेब्रुवारी
दोन दिवस आईने विचारलंच नाही. मीही आठवण केली नाही, भीती वाटली. आज जेवता जेवता एकदम — "उतरली का गं?" जीव भांड्यात पडला. थोडंच राहिलंय, आई.

१९ फेब्रुवारी
उतरली!! तीनदा करून पाहिलं. धाकटीबरोबर सरसर खाली, थोरलीबरोबर जवळजवळ आडवी. सर म्हणाले, "टेलरबाईंना माझा नमस्कार सांग." सगळा पसारा लॅबमध्येच टाकून घरी पळतेय.

संध्याकाळ
आई खिडकीत बसली होती. म्हटलं, "उतरली गं रेघ!" तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळे भरून आले होते तिचे.
"छान झालं हो! तुमच्या आईला सांगितलंत का? वाट बघत असतील त्या."